पिन एक, कामे अनेक

जळगावच्या सुभाष चौकात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानदाराला नुसते ‘पिना द्या’ म्हणून पाहा. ‘कोणत्या?’ हा प्रश्न येणारच. साडीच्या, केसांच्या, स्टेपलरच्या की स्टोव्हच्या? इंग्रजीतला हा इवलासा शब्द आपण केव्हाच घरचा केला. त्याचे अनेकवचनसुद्धा मराठी वळणाचे!

आपल्याकडे ‘टाचणी’ होतीच. ती कागद टाचते, पण टोक उघडेच ठेवते. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली तारेला पीळ देऊन स्प्रिंग केली, टोकावर टोपण बसवले आणि ते पेटंट अवघ्या ४०० डॉलरला विकून टाकले. तीच सेफ्टी पिन आपल्या आयाबहिणींच्या बांगडीत लटकते. एसटीत कुणा अनोळखी बाईच्या चपलेचा अंगठा तुटला, की शेजारणीच्या बांगडीतून ती न मागता पुढे येते.

१५ ऑगस्ट १९७२ पासून पत्त्यालाही पिन लागला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१. खरे तर ही तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. टोचण्याशी त्यांचा संबंध नाही. पण पत्र गावाशी जोडण्याचे काम हा पिनही करतो.

मग टाचणी संपली का? नाही. शाळेत गुरुजी अजून पाठाचे ‘टाचण’ काढतात. परका शब्द आला म्हणून घरचा हाकलावा लागत नाही. मात्र वापरला नाही, तर तो गंजतो. डबीत पडून राहिलेल्या टाचणीसारखाच.