ध्वनिमुद्रिकेची साक्ष : माहलरच्या सिंफनी आणि मिरजेचे ख्यालगायन

ध्वनिमुद्रिका ही संगीताच्या इतिहासाची साधनसामग्री आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. परंतु साधनाची साक्ष घेण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी लागते, हा इतिहासशास्त्राचा सामान्य नियम येथे बहुधा विसरला जातो. ताम्रपटाचा काळ, लिपी व खोडाखोड आपण काटेकोरपणे तपासतो. जुनी तबकडी मात्र ऐकली की "गवई असे गात असत" असा निर्णय देऊन मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या परीक्षेचे स्वरूप दोन उदाहरणांवरून स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. एक उदाहरण मध्य युरोपातील आहे आणि दुसरे आपल्या सांगली-मिरज परिसरातील.

तबकडीची पहिली मर्यादा काळाची. दर मिनिटास सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास व बारा इंची तबकडीवर चार ते साडेचार मिनिटे ध्वनी मावत असे. गुस्ताव माहलरची सिंफनी तासाभराहून अधिक चालते. त्याच्या दुसऱ्या सिंफनीचे संपूर्ण मुद्रण ऑस्कर फ्रीड याने बर्लिन येथे केले व ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यास अकरा तबकड्यांच्या बावीस बाजू लागल्या. हे मुद्रण विद्युत्-पूर्व पद्धतीचे होते. वादक कर्ण्यासमोर दाटीने बसत आणि ध्वनीचा दाबच सुईला हलवीत असे. या पद्धतीत खर्जातील तंतुवाद्ये नीट उमटत नसल्यामुळे त्यांना फुंकवाद्यांची जोड देण्याची त्या काळी रीत होती. म्हणजे बाजू पालटताना रचना तर तुटेच, पण वाद्यवृंदाचे मूळचे प्रमाणही बदले.

१९२५ साली ध्वनिग्राहकाच्या साहाय्याने विद्युत्-मुद्रण व्यवहारात आले. ब्रूनो वाल्टर याने १६ जानेवारी १९३८ रोजी व्हिएन्ना फिलहार्मॉनिककडून माहलरची नववी सिंफनी वाजवून घेतली. तिचे मुद्रण प्रत्यक्ष मैफलीतच झाले व त्याच्या वीस बाजू निघाल्या. दोन महिन्यांनी, मार्च १९३८ मध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. वाल्टर निर्वासित झाला आणि त्या वृंदातील ज्यू वादकांना बाहेर पडावे लागले. एका संपुष्टात येणाऱ्या परंपरेचा हा शेवटचा पुरावा ठरला.

आता प्रश्न असा की, या जुन्या मुद्रणांतील जलद गती तबकडीने लादली काय? पाचव्या सिंफनीतील 'आदाजिएत्तो' हा मंद विभाग विलेम मेंगेलबर्गने १९२६ साली सुमारे सात मिनिटांत वाजविला. पुढील काळातील काही संचालकांनी त्यास दहा-बारा मिनिटे घेतली. प्रथमदर्शनी तबकडीलाच दोष द्यावासा वाटतो. परंतु ही बारा मिनिटे तीन बाजूंवर सहज मावली असती. मुद्रकांनी लांब रचनांसाठी बावीस बाजू वापरल्याच होत्या. शिवाय मेंगेलबर्ग व वाल्टर या दोघांचाही स्वतः माहलरशी निकटचा संबंध होता आणि वाल्टरची १९३८ मधील मैफल तर श्रोत्यांसमोर सलग झालेली. तेव्हा ही गती त्या परंपरेचीच असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मर्यादा अस्तित्वात असणे आणि ती परिणामकारक ठरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हाच विवेक आपल्याकडे वापरू. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांनी आयुष्याचा उत्तरकाळ मिरजेस घालविला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर असता त्यांचे देहावसान झाले व मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे दोन गट पडतात. पहिला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील, कर्ण्यासमोर गायिलेला. दुसरा १९३४ नंतरचा, ओडियन कंपनीने विद्युत्-पद्धतीने घेतलेला. झिंझोटीतील ठुमरी, वसंत, जोगिया, तसेच खरहरप्रियेतील त्यागराजांची कृती या दुसऱ्या गटात येतात. एकाच गायकाचा आवाज दोन्ही पद्धतींत उपलब्ध असणे ही अभ्यासकास मोठी सोय आहे.

येथे मात्र काळाची मर्यादा निश्चित परिणामकारक ठरली. विलंबित ख्यालाचे एक आवर्तन अर्धा मिनिट ते एक मिनिट घेऊ शकते. तीन मिनिटांत अशी तीन ते सहा आवर्तनेच बसतील. माहलरची रचना बावीस तुकड्यांत तोडता आली, कारण ती आधीच लिहिलेली होती. पुढचा तुकडा कोठे सुरू करावयाचा हे स्वरलिपीवरून ठरत असे. ख्यालाची बढत गाता गाताच घडते. ती मध्ये थांबवून तबकडी बदलल्यावर तेथूनच पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून गायकाने तीन मिनिटांची स्वतंत्र, आटोपशीर आकृती निर्माण केली. या तबकड्या मैफलीचे तुकडे नव्हेत किंवा तिचा सारांशही नव्हे. तो एक निराळा प्रकारच आहे. त्यांवरून स्वरलगाव, आवाजाची फेक, मींड व सरगमची पद्धत यांविषयी विश्वासाने बोलता येईल. आलापीच्या क्रमाविषयी मात्र बोलता येणार नाही. त्यासाठी सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर यांच्या परंपरेतून पुढे आलेल्या दीर्घ गायनाचा आधार घ्यावा लागतो, आणि शिष्याने स्वतःची भर किती घातली हा प्रश्न तेथेही उरतोच.

दुसरी परीक्षा स्वराची. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा त्यांच्या संशोधनाशी निकटचा संबंध होता, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने तो विचार पुढे नेला. श्रुतींची ही गणिती निश्चिती पंडित भातखंडे यांना मान्य नव्हती. मग खाँसाहेबांच्या तबकड्या मोजून हा वाद मिटविता येणार नाही काय, असा विचार आज संगणक हाताशी असल्यामुळे साहजिकच मनात येतो.

यासाठी दोन दोष वेगळे केले पाहिजेत. पहिला वेगाचा. ७६ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली तर सर्व स्वर सुमारे २.६ टक्के, म्हणजे जवळजवळ पाव स्वर चढतात व लयही तितकीच वाढते. त्यामुळे गायकाची पट्टी सांगणे धोक्याचे होते. परंतु सर्व स्वर एकाच प्रमाणात चढत असल्याने षड्जाशी असलेले त्यांचे गुणोत्तर अबाधित राहते. श्रुतीच्या प्रश्नात हा दोष निरुपद्रवी आहे.

दुसरा दोष अधिक घातक आहे. तबकडीचे मधले छिद्र केंद्रापासून एक मिलिमीटर सरकले असेल, तर केंद्रापासून १०० मिलिमीटरवरील रेषेत स्वर प्रत्येक फेरीत एक टक्का वर व एक टक्का खाली जातो. ५० मिलिमीटरवर, म्हणजे गाणे संपत येताना, हे प्रमाण दोन टक्के होते. प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१/८० आहे. म्हणजे अंतर अवघे सव्वा टक्का. ज्या मापाने मोजावयाचे त्याची चूक मोजावयाच्या वस्तूहून मोठी ठरते. शिवाय एका फेरीस पाऊण सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. त्यामुळे ही हेलकाव्याची चूक गायकाचे आंदोलन म्हणूनही भासू शकते.

यावर उपाय आहे. विद्युत्-मुद्रणात साथीचा स्थिर सूर ऐकू येतो. गायकाबरोबर तोही त्याच ठेक्याने हेलकावत असेल तर दोष तबकडीचा. साथ स्थिर राहून केवळ गळा हलत असेल तर ते आंदोलन गायकाचे. पहिल्या गटातील मुद्रिकांत साथ क्षीण असल्यामुळे ही कसोटी लावणे कठीण जाते. म्हणून श्रुतिविचारासाठी दुसरा गटच ग्राह्य धरावा, आणि तोही मूळ तबकडी नीट केंद्रस्थ करून घेतलेल्या प्रतीवरून. कोणी तरी कधी तरी उतरवून घेतलेल्या प्रतींची मोजमापे कितीही दशांशांपर्यंत दिली तरी त्यांना प्रमाण मानता येणार नाही.

दोन्ही उदाहरणांतील मूलभूत भेद शेवटी ध्यानात घ्यावा. माहलरची तबकडी नष्ट झाली तरी स्वरलिपी उरते, आणि तबकडीतील विकृती त्या लिपीशी ताडून ओळखता येते. ख्यालगायनात तबकडीच संहिता आहे आणि तीच साक्षीदारही. तिला तपासणारा दुसरा पुरावा म्हणजे जिवंत गायन. मिरजेस खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारी संगीतसभा आणि सातारा जिल्ह्यातील औंध येथे अंतुबुवा जोशी यांनी सुरू केलेला शिवानंदस्वामी संगीत महोत्सव यांचे महत्त्व अभ्यासकाच्या दृष्टीने म्हणूनच केवळ उत्सवाचे नाही. तबकडीने जो काळ नाकारला तो काळ तेथे गायकास मिळतो. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाच्या बाबतीत तर आपल्याजवळ मुद्रिका नाहीच. तेथे शिष्यांच्या गळ्यांवरच विसंबावे लागते. ज्यांचा आवाज उरला आहे त्यांच्या बाबतीत मूळ तबकड्यांची प्रत, वेग व केंद्र यांची नोंद करून ठेवणे हे आपल्या विद्यापीठांना सहज शक्य असलेले काम आहे. लाखेच्या या तबकड्या ठिसूळ असतात; एकदा फुटल्या की उरलेल्या सदोष प्रतींची परीक्षा करण्याचे साधनही त्यांच्याबरोबरच नाहीसे होते.