बारावीचे टक्के आणि वकिलीचे दार

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांतून पेढे वाटले जातात व टक्क्यांची चर्चा सुरू होते. ज्यांच्या मुलामुलींचा ओढा वकिलीकडे आहे, अशा पालकांना आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, पेढे वाटण्याची वेळ येईतो प्रवेशाची लढाई बहुधा संपलेली असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची 'क्लॅट' ही सामायिक परीक्षा हल्ली डिसेंबरातच होते.

पूर्वी प्रत्येक विधी विद्यापीठ आपापली परीक्षा घेई. मुलांची दमछाक होई व अर्जांचा खर्च निराळाच. त्याविरुद्ध २००६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २००८ पासून सामायिक परीक्षा सुरू झाली. आज तिचे स्वरूप दोन तास, १२० प्रश्न आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा, असे आहे. बारावीला ४५ टक्के (अनुसूचित जातीजमातींस ४०) मिळाले की उंबरठा ओलांडला. पुढे ४६ टक्केवाला आणि ९६ टक्केवाला एकाच रांगेत. दोघांचे गुण समान आले, तर आधी विधिविषयक विभागाचे गुण पाहतात, मग वय, आणि शेवटी संगणकाची सोडत. वयाने मोठा असेल तो पुढे! ज्येष्ठतेचा मान राखला जातो, बारावीच्या गुणांस मात्र तेथेही कोणी विचारीत नाही.

हे न्याय्य आहे काय? निरनिराळ्या मंडळांचे गुण एका तराजूत तोलता येत नाहीत, हे खरे. अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर असते व तेथे पदवीचे गुण आणि 'एलसॅट' परीक्षा दोन्ही विचारात घेतात. आपल्याकडे सारा भार दोन तासांवर, आणि परीक्षा केवळ इंग्रजीत. लांबलचक उतारे भराभर वाचून उत्तरे द्यावयाची. हिंदी माध्यमातील हुशार मूल येथेच अडखळते. प्रादेशिक भाषांसाठी २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली. ती मागणी आम्हांस रास्त वाटते. पण तोवर घरात रोज एक इंग्रजी वृत्तपत्र वाचले जावे, हा उपाय शिकवणीहून स्वस्त आहे.

आणखी एक बाब आपल्यासारख्यांच्या ध्यानी उशिरा येते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी जागा राखीव आहेत. मातृभाषा मराठी असली म्हणून इंदूरच्या मुलास त्या मिळत नाहीत. त्याचा हक्क भोपाळच्या राष्ट्रीय विधी संस्थेत मध्यप्रदेशवासीयांसाठी राखलेल्या जागांवर. त्यासाठी 'मूल निवासी' दाखला हवा.

पुण्याच्या जुन्या लॉ कॉलेजाची आशा बाळगणाऱ्यांनीही हे जाणावे की, २०१६ पासून महाराष्ट्राची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. घरी राहूनच शिकावयाचे, तर येथील देवी अहिल्या विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास 'सीयूईटी' द्यावी लागते. क्लॅटचे अर्ज मात्र पावसाळ्यातच सुटतात. तेव्हा दाखल्यासाठी तहसील कचेरीची पायरी त्याआधीच चढलेली बरी.