मातीच्या वाटा, सायकल आणि जीपीएस

गोरेवाड्याच्या पलीकडे किंवा रामटेकच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून सायकल घालणाऱ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास पडतो : स्वस्तातले जीपीएस यंत्र कोणते घ्यावे? दुकानातले उत्तर किमतीबरोबर बदलते. तेव्हा हे यंत्र नेमके काय करते ते आधी पाहू.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपले स्थान आणि आपल्या आण्विक घड्याळातली वेळ सतत प्रक्षेपित करत असतात. आपले यंत्र फक्त ऐकते, उपग्रहाकडे काहीच पाठवत नाही. म्हणूनच मोबाइलला ‘रेंज’ नसली तरी त्यातले जीपीएस चालते. नकाशा मात्र घरून उतरवून न्यावा लागतो. संदेश पोचायला लागलेल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. पण यंत्रातले घड्याळ साधे असते आणि एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक! त्यामुळे अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्या जोडीला घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात राशी येते. चार अज्ञात राशींसाठी निदान चार उपग्रह हवेत.

मोकळ्या मैदानावर साधा मोबाइलही सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक स्थान देतो. सागाच्या दाट पानांखाली संदेश क्षीण होतात आणि चूक वाढते. महागडी यंत्रे एल-१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) आणि एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) अशा दोन वारंवारता ऐकतात. आयनावरणात होणारा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे दोन्ही संदेशांची तुलना करून तो काढून टाकता येतो. युक्ती सुंदर आहे, पण आमच्या मते सायकलस्वाराने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. पाच-दहा मीटरच्या चुकीने रानात कोणी हरवत नाही. बॅटरी संपली तर हरवतो.

उंचीची गोष्ट अधिक गमतीची आहे आणि नागपूरकरांना ती घरच्या घरी तपासता येते. विधानभवनाजवळच्या झिरो माइल स्तंभाच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळजवळ ३११ मीटर, नोंदलेली आहे. शेजारच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या दगडावर १९०७ हे साल आहे. तिथे यंत्र घेऊन उभे राहा. काही मोबाइल अॅप अडीचशेच्या आसपासचा आकडा दाखवतील. हा बिघाड नव्हे. जीपीएस उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून. गुरुत्वाकर्षणाने ठरणारी खरी समुद्रसपाटी भारतात त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे, मध्य भारतात साठ मीटरहून अधिक. चांगले यंत्र आपल्या स्मृतीतल्या कोष्टकावरून ही दुरुस्ती स्वतःच करते. ३११ च्या आगेमागे वीसेक मीटरचा फरक मात्र खपवून घ्यावा, कारण उपग्रह सगळे डोक्यावरच्या बाजूलाच असतात, पायाखालून एकही दिसत नाही, आणि त्यामुळे उभी चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते.

हीच डळमळ चढ मोजताना नडते. सपाट वाटेवरही आकडा खालीवर होत राहतो आणि यंत्र त्या खोट्या चढांची बेरीज करत बसते. ज्या यंत्रात वायुभारमापक असतो त्याला हा त्रास कमी. दर आठ-नऊ मीटर चढल्यावर हवेचा दाब सुमारे एक मिलिबार कमी होतो आणि तो नेमका मोजता येतो. हवामान बदलले की तोही फसतो, म्हणून निघताना माहीत असलेली उंची त्याला सांगावी लागते. चढांचा हिशेब ठेवायचा असेल तर पैसे इथे घालावेत.

अंतरासाठी तर उपग्रहांची गरजच नाही. वळणावळणाच्या पायवाटेवर दर काही सेकंदांनी बिंदू नोंदणारे यंत्र वळणे कापून जाते आणि अंतर कमी भरते. चाकावरचा साधा संवेदक फेऱ्या मोजतो. चाकाचा परीघ वर्गातच काढता येईल : टायरवर खडूची खूण करून, स्वार बसवून दहा फेऱ्या ढकला आणि टेपने मोजा.

राहिला मोबाइल. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना हँडलवर उन्हात तापलेला फोन स्वतःच बंद पडतो, आणि फोन करण्याची वेळही नेमकी तेव्हाच येते. तो पिशवीत सावलीला ठेवावा. हँडलवर बटणांचे, एकरंगी पडद्याचे, शक्यतो पेन्सिल सेलवर चालणारे आणि आल्या वाटेची रेघ दाखवणारे साधे यंत्र पुरते. परदेशातून नातेवाइकांकडून मागवताना एक पाहा : उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे जीपीएससारखीच दिसतात, पण ती बोलतात, आणि भारतात ती बाळगायला सरकारी परवानगी लागते.