धुऱ्यावरची अंबाडी खाताय? आधी शेजारच्या कपाशीवर कधी फवारलं ते बघा
लागवड, तोडणी, रोग आणि बियाणं : आफ्रिकेतून आलेल्या आपल्या आंबट भाजीची माहिती

पावसाळा लागला की गावच्या बाजारात अंबाडीच्या जुड्या दिसायला लागतात. तूरडाळ, कण्या आणि वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. ही भाजी आपल्याला अस्सल गावरान वाटते, पण तिचं मूळ आफ्रिकेत आहे. फार जुन्या काळी ती इकडे आली आणि इथलीच झाली. लाल अंबाडीच्या फुलांच्या बोंडांचं सरबत सुदानमध्ये ‘करकदे’ नावाने पितात. तेलंगणात हीच भाजी ‘गोंगुरा’.

दोन जाती

एक अंबाडी वाखाची. खोड सरळ, उंच, बारीक काटेरी, फूल पिवळसर. पूर्वी बैलांचे कासरे, दावे, चऱ्हाटं याच वाखाची वळली जायची. दुसरी लाल अंबाडी. तिचं झुडूप फांद्या धरतं, आणि फुलाखालच्या लाल, मांसल पाकळ्यांची चटणी, सरबत होतं. पाला दोन्हींचा खातात.

पेरणी कधी, कशी

पहिला चांगला पाऊस झाला की जून-जुलैत पेरावी. दिवस लहान व्हायला लागले की अंबाडी फुलावर येते. त्यामुळे वेळेवर पेरलेली माणसाच्या वर जाते, तर सप्टेंबरात पेरलेली कमरेलाही लागत नाही, आधीच फुलते.

जमीन हलकी असली तरी चालते, पण पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. पाल्यासाठी दाट पेरून पुढे विरळणी करावी. उपटलेली रोपं भाजीलाच कामी येतात. लाल अंबाडीची बोंडं हवी असतील तर दोन झाडांत दोन-तीन फूट अंतर ठेवावं. शेणखत पुरेसं होतं.

तोडणी

साधारण महिनाभरात पाला तोडायला येतो. झाड उपटू नये, शेंडा खुडावा. शेंडा खुडला की बाजूने फुटवे येतात आणि त्याच झाडाचे चार-पाच तोडे मिळतात. फुलं आली की पाला जाड आणि राठ होतो.

रोग-किडी

पानाला बारीक छिद्रं दिसली तर ते उड्या मारणाऱ्या भुंगेऱ्याचं काम. थोडी असतील तर घाबरू नये. खरा धोका मूळ-खोड कुजण्याचा. पाणी तुंबलं की बुडखा काळा पडतो आणि झाड उभ्या उभ्या सुकतं. त्यावर उपाय म्हणजे चर काढून पाणी बाहेर काढणं, पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणं आणि दरवर्षी जागा बदलणं.

कपाशीजवळ असेल तर

विदर्भ-मराठवाड्यात अंबाडी बहुतेक कपाशीच्या धुऱ्यावर किंवा तासात असते. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत.

पहिली गोष्ट फवारणीची. कपाशीवरचं औषध वाऱ्याने अंबाडीवर येतं. त्यातली बरीच औषधं आंतरप्रवाही, म्हणजे पानात मुरणारी. तो पाला मिठाच्या पाण्याने धुतला तरी आतलं विष जात नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. शिवाय धुऱ्यावरचा पाला बऱ्याचदा निंदायला आलेल्या बायाच खुडून नेतात. फवारा कोणी, कधी मारला हे त्यांना माहीत नसतं. शेतमालकाने ते त्यांना स्पष्ट सांगावं. खायची अंबाडी घराच्या परसात किंवा कपाशीपासून लांब, एखाद्या वाफ्यात लावावी.

दुसरी गोष्ट अळीची. अंबाडी, भेंडी आणि कपाशी एकाच कुळातली. गुलाबी बोंडअळी अंबाडीवरही जगते, पिठ्या ढेकूणही येतो. म्हणून हंगाम संपल्यावर धुऱ्यावरची वाळकी झाडं, बोंडं तशीच उभी ठेवू नयेत. पऱ्हाटी काढताना तीही काढावीत. नाहीतर पऱ्हाटी उपटूनही अळीला आसरा राहतो.

खाताना

पाला उकडून, पिळून घेतला की आंबटपणा कमी होतो. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात शिजवू नये, आंबट पदार्थाने धातू उतरतो. पाल्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारूनच खावी.

बियाणं घरचंच ठेवा

अंबाडीचं बी दुकानात सहज मिळेलच असं नाही. मात्र तिच्यात परागीभवन बहुतांश स्वतःच्याच फुलात होतं, त्यामुळे घरचं बी सहसा बिघडत नाही. चांगली, निरोगी पाच-सहा झाडं आधीच हेरून ठेवावीत आणि त्यांचा पाला तोडू नये. बोंडं वाळून तपकिरी झाली की, तडकायच्या आधी काढून बी झोडावं, उन्हात वाळवून राखेत ठेवावं. वाटीभर बी परसातल्या वाफ्याला पुरतं. उरलेलं शेजाऱ्याला द्यावं, म्हणजे आपलं एखाद्या वर्षी गेलं तरी गावात बी राहतं.