आयोवाचं शिवार (१४) : एका साखळीचा रस्ता

या आठवड्यात एम्सला जायचं ठरलं होतं, कार्व्हर जिथे शिकला त्या कॉलेजात. ‘एक होता कार्व्हर’ वाचून वाढलेल्यांना तो लेख हवाच आहे आणि मलाही तो लिहायचाच आहे. पण सांगलीहून एका निवृत्त भूकरमापकांचं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न : ‘तुमच्या आयोवात बांध कोरतात का हो?’ तो वाचल्यापासून दुसरं काही सुचेना. कार्व्हर एक आठवडा थांबेल.

काकांनी आयुष्यभर साखळी ओढली आहे, म्हणून साखळीपासूनच सुरुवात करतो. आपला गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. इंग्रज गणिती एडमंड गुंटर याने सतराव्या शतकात रूढ केलेली साखळी ६६ फुटांची, म्हणजे गुंठ्याच्या बाजूच्या बरोबर दुप्पट. तशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो, दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. हीच साखळी घेऊन अमेरिकी सरकारचे मोजणीदार १८३०च्या दशकात आयोवाच्या माळरानात उतरले. माणसाला झाकून टाकणारं गवत होतं. खुणेला झाड मिळेना, तिथे त्यांनी मातीचे ढिगारे केले.

आराखडा १७८५ सालीच कायद्याने ठरला होता. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी टाउनशिप. तिचे ३६ चौकोन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, ६४० एकरांचा. त्या चौकोनाला सेक्शन म्हणतात. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखलेला. आपल्याकडे गाव वसलं, वहिवाट पडली, पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली आणि मग मोजणीदार आला. तिथे आधी रेघ आखली गेली, नांगर नंतर लागला.

म्हणूनच तिथे शेतकऱ्याला गावठाण नाही. ज्याचं त्याचं घर आपापल्या शेतात, शेजारी अर्ध्या मैलावर. रात्री गाडीने निघालात तर काळोखात लांब लांब एकेक दिवा दिसतो, अंगणातल्या खांबावरचा. जमिनीची नावंसुद्धा मोजणीतून आलेली. सेक्शनचा चतकोर १६० एकरांचा, तो क्वार्टर. त्याचा निम्मा एटी आणि एटीचा निम्मा फॉर्टी. आपण ‘वरचं वावर’ म्हणतो तसं ते ‘मागची फॉर्टी’ म्हणतात.

रस्ते सेक्शनच्या रेघांवरून गेलेले. जुन्या रस्त्याची हद्द ६६ फूट रुंद, म्हणजे एक साखळी. रेघेच्या अलीकडून ३३ फूट, पलीकडून ३३ फूट. काका, मैलभर रस्त्याखाली किती जमीन गेली याचा हिशेब करून पाहा, बरोबर आठ एकर येते. आणि रस्त्यांच्या चौकात, गाडीच्या चाकांखाली, सेक्शनचा कोपरा असतो.

पण पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या रेघा एकमेकींकडे झुकतात. आयोवात टाउनशिपची उत्तरेची बाजू दक्षिणेच्या बाजूपेक्षा चाळीसेक फुटांनी आखूड भरते. हा फरक साठत जाऊ नये म्हणून मोजणीदार काही अंतरावर थांबत, एक दुरुस्तीची रेघ आखत आणि तिच्यावरून नव्याने सहा मैल मोजत. सरळ चाललेला रस्ता तिथे अचानक बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. अशाच रेघेवर एक गाव आहे, नाव करेक्शनव्हिल. दक्षिणेकडून येणारे रस्ते त्या रेघेशी मोडतात. मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो आहे. पृथ्वीचा गोलपणा पायाखाली असा दिसणारी जागा मला दुसरी माहीत नाही.

आता बांध. आयोवात ‘लेव्हल बी’ अशी पाटी असलेले मातीचे रस्ते असतात. शिराल तर स्वतःच्या जबाबदारीवर, असं पाटीच सांगते. जूनमधल्या पावसानंतर अशाच एका रस्त्यावर माझी गाडी रुतली. माती आपल्या काळ्या रानासारखीच, चाकाला धरली की सोडत नाही. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली. मग मी बांधाचं विचारलं. तो मला कुंपणाच्या मध्यावर घेऊन गेला, पलीकडे उभं केलं, स्वतः समोर उभा राहिला. म्हणाला, ‘उजवा हात लांब कर.’ माझ्या उजव्या हाताचं अर्धं कुंपण माझं, त्याच्या उजव्या हाताचं त्याचं. ज्याने त्याने आपापलं राखायचं. वाद झाला तर टाउनशिपचे विश्वस्त पंच म्हणून कुंपण पाहायला येतात, कायद्यानेच ते काम त्यांना दिलं आहे.

‘आणि रेघ सरकली तर?’ तो हसला. सरकते, म्हणाला. शेजाऱ्यांनी दहा वर्षं एखादं कुंपण हद्द म्हणून मान्य केलं, तर पुढे कोर्ट तीच हद्द धरू शकतं. तेव्हा काका, कोरतात. साखळी कितीही काटेकोर असो, नांगर धरणारा हात माणसाचाच.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय मला सोडवत नाही. हे माळरान रिकामं नव्हतं. ब्लॅक हॉक या सॉक नेत्याशी झालेल्या युद्धानंतर, १८३२ पासून, करारांमागून करार करून सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांकडून ही जमीन काढून घेतली गेली, त्यांना पश्चिमेला पाठवलं गेलं आणि मग साखळ्या आल्या. मेस्क्वाकींपैकी काही जण परतले. पैसे जमवून १८५७ मध्ये त्यांनी टामा काउंटीत, आयोवा नदीकाठी, आपल्याच मुलखातली जमीन विकत घेतली. आज त्यांची वस्ती आठ हजार एकरांच्या वर गेली आहे. पहिली खरेदी ८० एकरांची होती. एक एटी.