छोटे सूक्ष्मदर्शक यंत्र : निवड, वापर व निगा



शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र असते, पण पुष्कळदा ते कपाटातच असते. वर्षातून एकदा साठ मुले रांगेने डोळा लावतात आणि विषय संपतो. एका मोठ्या यंत्रापेक्षा मुलांच्या हाती देता येतील अशी दोन-तीन छोटी यंत्रे अधिक उपयोगी, असे आम्हांस वाटते.

संयुक्त सूक्ष्मदर्शकात खालचे वस्तुभिंग वस्तूची मोठी प्रतिमा तयार करते आणि वरचे नेत्रभिंग ती आणखी मोठी करून दाखवते. दोहोंचा गुणाकार म्हणजे एकूण विवर्धन. नेत्रभिंग १० पट व वस्तुभिंगे ४, १० आणि ४० पट असल्यास ४०, १०० व ४०० पट विवर्धन मिळते. तांबडी रक्तपेशी सुमारे ७ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सात भाग. ४०० पटीत ती जवळजवळ ३ मिलिमीटरची दिसते. शाळेस एवढे पुरे.

जाहिरातीतील २००० पटीला भुलू नये. साध्या प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रॉनहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. प्रकाशाची ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवली. त्यापुढे प्रतिमा फुगते, नवे काही दिसत नाही. मलेरियाचे जंतू रंगवलेल्या रक्तात पाहण्यासाठी मात्र १०० पटीचे, तेल लावून वापरायचे वस्तुभिंग लागते. छोट्या रक्ततपासणी प्रयोगशाळेने ते अवश्य घ्यावे.

डेंग्यूचा विषाणू सुमारे ०.०५ मायक्रॉनचा, म्हणून तो या यंत्राने दिसत नाही. पण तो पसरवणाऱ्या एडिस डासाची अळी दिसते. डोंबिवलीतील गॅलरीत कुंडीखालच्या बशीतले पाणी घ्यावे. एडिस व क्युलेक्सच्या अळ्यांना श्वास घेण्याची नळी असते व त्या डोके खाली करून लोंबतात. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीसच्या अळीला ती नळी नसते, ती पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी राहते. ४० पटीत हा फरक विद्यार्थी स्वतः ओळखू शकतो. मग बशी रिकामी करा, असे घरी वेगळे सांगावे लागत नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावातील किंवा कल्याणच्या काळा तलावातील पाण्याचा थेंबही असाच पाहावा.

वापरताना आरसा कधीही थेट सूर्याकडे वळवू नये, डोळ्यास इजा होते. वस्तुभिंग बाजूने पाहत काचपट्टीजवळ न्यावे आणि मग डोळा लावून वर घ्यावे, म्हणजे काच फुटत नाही. तेल काम होताच भिंगाच्या कागदाने टिपावे. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत बंद पेटीतील भिंगावर बुरशी चढते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरावेत.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी सापडले. त्या वेळी त्यांच्या यंत्राचे स्क्रू घामाने गंजलेले होते व उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता. शोध लागला तो रोज चिकाटीने पाहिल्यामुळे.

तेव्हा सभासदांनी जवळच्या शाळेतील यंत्राची चौकशी करावी. ते कपाटात असेल तर बाहेर काढण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक विद्यार्थ्याचा हात त्याला लागावा, एवढीच आमची विनंती आहे.