कानाची कडी

टेबलावर तीन कवट्यांच्या प्रतिकृती आहेत. एका कडेला लेमूरची, दुसऱ्या कडेला आपल्याकडच्या लालतोंड्या माकडाची आणि मध्ये इजिप्तोपिथेकस या नामशेष प्राण्याची. मधली मूळ कवटी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीची, इजिप्तमधल्या फायूमची. तेव्हा तिथे नद्या होत्या, झाडी होती. आता नुसतं वाळवंट, आणि जीवाश्मशास्त्रज्ञ एल्विन सायमन्स यांच्या चमूने तिथल्या वाऱ्यालाच कामाला जुंपलं. वरचा खडीचा थर झाडूने बाजूला सारायचा आणि निघून यायचं. पुढच्या मोसमापर्यंत वारा बारीक माती उडवून नेतो, हाडं उघडी पडतात. इजिप्तोपिथेकसची पहिली, जवळपास अखंड कवटी इथे १९६६ साली मिळाली.

लेमूरच्या डोळ्याच्या खोबणीत बोट घातलं की ते बाजूने मागे निघतं. कडेला हाडाची फक्त एक पट्टी, तिच्यामागे मोकळी जागा. इजिप्तोपिथेकसमध्ये बोट भिंतीला अडतं. ही भिंत कशासाठी? कानशिलावर बोटं ठेवून दात आवळून बघा, आतला स्नायू फुगलेला लागेल. तो आणि डोळा यांच्यामध्ये आपल्यालाही हीच भिंत आहे. ती नसती तर घास चावताना नजर हलली असती, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं, आणि मला ते पटतं. शिवाय इजिप्तोपिथेकसच्या खोबण्या लहान आहेत. रात्री हिंडणाऱ्याला इतके लहान डोळे पुरत नाहीत, म्हणजे हा दिवसाचा प्राणी. कपाळाच्या मधोमध लेमूरला दिसतो तसा सांधाही इथे नाही. दोन्ही अर्धी जुळून एक झालेली.

इथवर माकडच म्हणावं असा ऐवज. खरी गंमत कवटी उपडी केल्यावर.

आधी दात. वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला उपदाढा दोन. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना तीन असतात. आफ्रिका-आशियातल्या माकडांना, चिंपांझीला आणि आपल्याला दोन. म्हणजे हा आपल्या बाजूचा. मग दिवा तिरका करून कानाच्या भोकाकडे बघायचं. लालतोंड्याच्या कवटीत भोकापासून आत हाडाची नळी जाते आणि कानाचा पडदा तिच्या आतल्या टोकाला असतो. आपलंही तसंच. इजिप्तोपिथेकसला ही नळीच नाही. पडदा ताणून धरणारी बांगडीसारखी कडी थेट भोकाच्या काठाला चिकटलेली, दक्षिण अमेरिकेतल्या माकडांची आजही असते तशी. लेमूरमध्ये ती कानाच्या आतल्या हाडाच्या फुगवट्यात सुटी असते.

दात एक सांगतात, कान दुसरं, आणि दोन्ही खरे. अमेरिकेतल्या माकडांचा फाटा निघून गेल्यानंतरचा, पण आफ्रिका-आशियातली माकडं आणि गिबन-चिंपांझी-माणूस ही शाखा वेगळी होण्याआधीचा हा प्राणी आहे. कारण त्या दोन्हींकडे नळी आहे. २०१० साली सौदी अरेबियातल्या सादानियस या जीवाश्म प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तो साधारण २.८ ते २.९ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या कानाला नळी होती. नुसत्या चेहऱ्यावरून हा क्रम कुणालाही लावता आला नसता.

२००४ साली फायूममध्ये एका मादीची कवटी सापडली. तिचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. सीटी स्कॅनमध्ये तिच्या मेंदूची पोकळी जेमतेम १५ घन सेंटिमीटर भरली. आजच्या तेवढ्याच आकाराच्या माकडांच्या मानाने हे फारच कमी. १९६६ ची कवटी नराची; तिच्यावरून केलेला मेंदूचा जुना अंदाजही मग खाली आणावा लागला. नराची कवटी मात्र मादीपेक्षा बरीच मोठी. आजच्या माकडांमध्ये असा फरक बहुधा तिथे दिसतो, जिथे टोळीतले नर माद्यांसाठी एकमेकांना भिडतात. टोळी करून राहायचं तर आधी मेंदू वाढायला हवा, असं मानणाऱ्यांना ही कवटी अडचणीची आहे.